दुरुस्तीची दुरुस्ती

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेने दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत निघालं, की एकाच रांगेत जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत लागते. 1862 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली आणि शहराला मोकळी जागा मिळाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरभराटीच्या काळात ठरलेल्या या इमारती पुढच्या पंधराएक वर्षांत उभ्या राहिल्या. सचिवालय 1874 मध्ये पुरं झालं आणि उच्च न्यायालय 1878 मध्ये. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या ज्या 94 इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत ही रांगही आहे.

या इमारतींना पर्यटक बाहेरून बघतात, पण आत रोजचा कारभार चालतो. जुन्या सचिवालयात आज शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. पक्षकार जिने चढतात, वकील व्हरांड्यात थांबतात, कारकून गठ्ठे वाहतात. संग्रहालय किंवा मंदिर काही महिने बंद ठेवता येतं, न्यायालय ठेवता येत नाही. म्हणून सरकारी वारसा वास्तूंचं जतन हा वास्तुसंवर्धनातला सगळ्यात अवघड भाग आहे. इमारत जुनी राहायला हवी आणि तिच्यात आजचं काम नीट चालायलाही हवं. हे कसं जमतं, कुठे फसतं आणि फसतं तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, ते या प्रकरणात पाहू.

भिंत कशी जगते

आधी भिंत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या सरकारी इमारती बहुतेक स्थानिक दगडाच्या आहेत. काळा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड बांधकामाला, तर पोरबंदरचा मऊ, दुधी रंगाचा चुनखडक नक्षीकामाला वापरला जाई. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचं कोरीव काम करण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. हे दगड एकमेकांना धरून ठेवले ते चुन्याने.

चुनखडक भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो सणसणून तापतो, फुटतो आणि विझतो. विझवलेल्या चुन्यात वाळू आणि विटांची सुरखी घालून तो बैलांच्या घाण्यात मळायचा. जागोजागच्या गवंड्यांच्या रीतीप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा किंवा मेथी पडायची. भिंतीत भरल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडकासारखा घट्ट होतो. या कामाला महिने लागतात, जाड भिंतीत तर वर्षंही.

या चुन्याचे दोन गुण महत्त्वाचे. एक, तो दगडापेक्षा थोडा मऊ असतो. उन्हाने भिंत फुगली, थंडीने आकसली, पाया जरासा खचला, तर ताण चुन्यात जिरतो आणि दगड शाबूत राहतो. दुसरा, त्यातून पाण्याची वाफ ये-जा करू शकते. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंत भिजणारच. पावसाळा सरला की ती सांध्यांतून सुकायला लागते आणि उन्हाळ्यापर्यंत कोरडी होते. दीडशे वर्षं हा क्रम चालत आला आहे.

आता या भिंतीला कुठेतरी ओल दिसते. कुणीतरी मिस्त्री बोलावतो. मिस्त्री सांध्यातला भुसभुशीत झालेला चुना काढतो आणि सिमेंटने पक्क्या दर्जा भरतो. काम चोख दिसतं, बिल निघतं. मात्र सिमेंट मऊ दगडाहून कडक असतं आणि पाणी सहजी बाहेर सोडत नाही. वरच्या गच्चीतून, बारीक भेगांतून, जमिनीतून पाणी आत येतच राहतं, पण बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. मग ते सांध्याऐवजी पोरबंदरी दगडाच्या अंगातून बाहेर पडतं आणि येताना क्षार घेऊन येतं. समुद्रकाठच्या शहरात क्षारांना तोटा नाही. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागाच्या जरा खाली वाढतात आणि पापुद्रा सुटतो. कोरलेल्या पानांच्या कडा आधी झडतात, मग पानंच ओळखू येईनाशी होतात. सिमेंटचा सांधा मात्र तसाच टणक, पुढे आलेला दिसतो. दोन दगडांमधलं सिमेंट शाबूत आणि भोवतालचा दगड खोल गेलेला, असं जिथे दिसेल तिथे हीच गोष्ट घडली आहे असं समजावं.

आतल्या बाजूलाही हेच होतं. सरकारी कचेरीच्या भिंतीला खालून चार-पाच फुटांचा ऑइलपेंटचा पट्टा मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. हाताचे डाग लागू नयेत हा हेतू चांगलाच. पण जमिनीतून चढणारी ओल त्या पट्ट्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती आणखी वर चढते आणि रंगाच्या वरच्या कडेला गिलावा फुगवते. मग पुढच्या वर्षी पट्टा आणखी फूटभर वर जातो. ओलही त्याच्यामागोमाग चढते.

जुन्या सरकारी इमारतींची बरीचशी दुखणी अशी आपल्याच हाताने आलेली असतात. वयाचा दोष त्यामानाने थोडा. म्हणून चांगल्या संवर्धनाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे आधीच्या दुरुस्त्यांची दुरुस्ती.

हात लावण्याआधी

ती करायची तर घाई चालत नाही. परांची बांधण्याच्या आधी इमारतीची मोजणी होते, नकाशे काढले जातात, प्रत्येक दर्शनी भागाची छायाचित्रं घेऊन त्यावर भेगा, ओल, सुटलेले दगड आणि उगवलेले पिंपळ नोंदवले जातात. जुन्या चुन्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. सौम्य आम्लात चुना विरघळतो आणि वाळू खाली उरते. त्यावरून चुना किती होता, वाळू कोणत्या जाडीची होती हे समजतं आणि नवा चुना त्याच्या मेळाचा बनवता येतो.

मग सफाई. काळवंडलेला दगड वाळूच्या फवाऱ्याने घासला तर तासाभरात उजळतो, पण हवापाण्याला तोंड देत टिकलेलं त्याचं कठीण वरचं कवचही निघून जातं. म्हणून जाणकार आधी कोपऱ्यातल्या हातभर जागेवर करून बघतात. पाण्याचा बारीक फवारा, मऊ ब्रश, आणि क्षार ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा लेप, एवढ्यावर भागत असेल तर पुढे जायचं नाही. सिमेंटच्या दर्जा छिन्नीने हळूहळू काढायच्या, कारण विजेच्या कटरने सांध्याबरोबर दगडाची कडही जाते. नवा चुना थराथराने भरायचा, प्रत्येक थर गोणपाटाने ओला ठेवायचा आणि त्याला वेळ द्यायचा. जिथे दगड बदलावाच लागतो, तिथे जुळणारा दगड शोधणं हीच एक मोहीम होते. मालाडच्या खाणींच्या जागी आज वस्ती आहे.

हे काम करणारे पाथरवट, चुन्याचे गवंडी आणि सागवानाचे सुतार थोडे उरलेत. त्यांच्या हाताला काम मिळत राहिलं तरच ही विद्या पुढे जाईल, आणि अशा कामांचा सर्वांत मोठा धनी सरकारच आहे.

मुंबईत हे उत्तम झाल्याचं उदाहरण आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये खुलं झालं आणि ते महापालिकेच्या मालकीचं आहे. गळकं छत आणि भिंतींतली ओल यांनी ते जर्जर झालं होतं. 2003 मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारत सावरली गेली. 2005 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च संवर्धन पुरस्कार मिळाला. पालिकेची मालकी, खासगी निधी आणि तज्ज्ञांची देखरेख एकत्र आली तर काय होऊ शकतं, हे तिथे जाऊन पाहता येतं.

तारा, वजन आणि वारा

दगड सावरला म्हणजे काम संपत नाही. 1870 च्या दशकातल्या कचेरीत वीज नव्हती, नळ मोजके होते, लिफ्ट नव्हती. आज तिथे संगणक, सर्व्हर, वातानुकूलन, अग्निशमन, स्वच्छतागृहं, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हे सगळं हवं. या गोष्टी हव्यात की नकोत हा वाद निरर्थक आहे. अपंग पक्षकाराला न्यायालयात स्वतःहून जाता आलं पाहिजे. वाद फक्त त्या कशा बसवायच्या याचा.

जगभर संवर्धकांनी मानलेलं एक तत्त्व इथे उपयोगी पडतं. नवी भर अशी घालावी, की उद्या ती काढून टाकली तर मूळ इमारत जशीच्या तशी हाती यावी. दगड फोडून पाइप नेण्यापेक्षा व्हरांड्याच्या छतालगत उघडा मार्ग नेणं बरं. लिफ्ट मूळ जिन्याच्या पोटात घुसवण्यापेक्षा मागच्या चौकात स्वतंत्र पोलादी सांगाड्यात उभारणं बरं. असा मार्ग किंवा सांगाडा दिसतो, हे खरं. पण पन्नास वर्षांनी त्याहून चांगली सोय निघाली तर तो उचलून नेता येतो, आणि फोडलेली कमान मात्र पुन्हा जोडता येत नाही.

वजनाचा प्रश्न वरवर दिसत नाही, पण गंभीर असतो. जुन्या मजल्यांच्या सागवानी तुळया माणसांच्या आणि टेबलांच्या हिशोबाने घातलेल्या असतात. त्यावर फायलींनी भरलेली लोखंडी कपाटं भिंतीपासून भिंतीपर्यंत लावली, तर तुळई वाकते. म्हणून जुनं दप्तर डिजिटल करून मूळ कागद योग्य अभिलेखागारात हलवणं, हे इमारतीच्या दुरुस्तीतलंच एक काम आहे.

आणि वारा. ओव्हलच्या पूर्वेच्या या इमारतींची मैदानाकडची बाजू म्हणजे समुद्राची बाजू. तिकडे खोल व्हरांडे आहेत, आत उंच छतं आणि समोरासमोरची दारं-खिडक्या आहेत. व्हरांड्याच्या सावलीने भिंत तापत नाही आणि वारा खोलीतून आरपार जातो. जागा अपुरी पडली की आपण व्हरांडा प्लायवूडने बंद करून दोन टेबलं मांडतो, छताखाली फॉल्स सीलिंग घालतो, आणि मग उकडतं म्हणून खिडकीत एसी बसवतो. एसीचं पाणी भिंतीवर ठिबकतं. ही साखळी उलटी फिरवली, व्हरांडे मोकळे केले आणि खिडक्यांची मूळ झडपं चालती केली, तर विजेचं बिल उतरतं आणि भिंतही वाचते. आधुनिकीकरणाची पहिली पायरी कित्येकदा अशी काहीतरी काढून टाकण्याची असते.

विजेच्या बाबतीत मात्र कंजुषी करू नये. रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय हा एके काळी ब्राझीलच्या सम्राटांचा राजवाडा होता. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री तिथे आग लागली. जवळच्या हायड्रंटना पाणी नव्हतं. सुमारे 2 कोटी वस्तूंपैकी बहुतेक जळून गेल्या. तपासात आगीचा उगम सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रात निघाला. जुन्या लाकडी छताखाली जोडत नेलेल्या तारा हा कोणत्याही जुन्या कचेरीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आणि नवं वायरिंग हे संवर्धनाच्या यादीत सर्वांत वर हवं.

बर्लिन: जुन्या कवचात नवी संसद

दुरुस्ती आणि नवी भर यांचा मेळ मोठ्या धाडसाने घातलेली इमारत बर्लिनला आहे. पॉल वालोट यांनी बांधलेलं राइशस्टाग हे संसद भवन 1894 मध्ये पुरं झालं. 27 फेब्रुवारी 1933 ला त्याला आग लागली आणि तिचं निमित्त करून नाझींनी नागरिकांचे हक्क मोडीत काढले. 1945 मध्ये सोव्हिएत सैनिकांनी इमारत जिंकली. 1960 च्या दशकात पश्चिम जर्मनीने तिची डागडुजी केली, पण त्यात जुन्या भिंती नव्या आवरणाखाली झाकल्या गेल्या.

जर्मनी एक झाल्यावर संसद बर्लिनला आणायचं ठरलं आणि काम वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे गेलं. 1960 च्या दशकातलं आवरण काढल्यावर आत 1945 च्या सैनिकांनी कोळशाने आणि खडूने लिहिलेली नावं, गावं आणि शिव्याही निघाल्या. पराभवाच्या या खुणा संसदेच्या भिंतीवर ठेवायच्या का, यावर वाद झाला आणि बऱ्याचशा ठेवल्या गेल्या. आज खासदार त्यांच्यासमोरून सभागृहात जातात. दुरुस्ती म्हणजे सगळं उद्घाटनाच्या दिवसासारखं चकाचक करणं, असं मानलं असतं तर हा इतिहास पुसला गेला असता.

वरचा काचेचा घुमट मात्र संपूर्ण नवा आहे. त्याचा व्यास सुमारे 40 मीटर आणि उंची 23.5 मीटर. मध्ये 360 आरशांचा शंकू आहे, तो दिवसाचा उजेड खाली सभागृहात पाडतो. त्याच शंकूतून सभागृहातली गरम हवा वर निघून जाते. वीज आणि उष्णतेसाठी वनस्पती तेलावर चालणारी यंत्रणा बसवली आणि उन्हाळ्यातली जादा उष्णता जमिनीखाली सुमारे 300 मीटरवरच्या पाण्यात साठवून हिवाळ्यात वापरायची सोय केली. लोक घुमटातल्या उतारावरून फिरतात आणि त्यांच्या पायाखाली त्यांचे प्रतिनिधी बसलेले असतात. 19 एप्रिल 1999 ला नूतनीकरणानंतरची जर्मन संसदेची इथली पहिली बैठक झाली. नवी भर स्पष्टपणे नव्या काळाची आहे, जुन्याची नक्कल करत नाही, आणि इमारतीच्या मूळ कामालाच बळ देते.

लंडन: टाळाटाळीची किंमत

लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्याची गोष्ट उलट दिशेची. 1834 मध्ये हिशोबाच्या जुन्या लाकडी पट्ट्या तळघरातल्या भट्टीत जाळताना आग लागून जुनी संसद भस्मसात झाली. चार्ल्स बॅरी आणि ऑगस्टस प्युजिन यांनी आजची इमारत उभारली. तिच्या तळघरात दीडशे वर्षांत वाफेचे नळ, गॅस, मलवाहिन्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा एकावर एक चढत गेल्या. 2016 मध्ये संसदेच्या संयुक्त समितीने मोठ्या संकटाचा इशारा दिला आणि कामकाज पूर्णपणे बाहेर हलवून दुरुस्ती करावी असं सुचवलं. 2018 मध्ये कॉमन्स सभागृहाने ते मान्यही केलं. तरीही काम पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं.

त्याच संकुलातल्या एलिझाबेथ टॉवरचं, म्हणजे बिग बेनच्या मनोऱ्याचं काम मात्र 2017 ते 2022 या काळात झालं. आरंभीचा अंदाज 2.9 कोटी पौंडांचा होता, खर्च सुमारे 8 कोटींवर गेला. परांचीवर चढून जवळून पाहिल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचं नुकसान आणि अॅस्बेस्टॉस सापडलं. रंगाचे थर तपासताना घड्याळाच्या काट्यांचा मूळ रंग काळा नसून गडद निळा होता हेही कळलं, आणि तो परत आणला गेला.

खर्चाचा हा वाढत गेलेला आकडा आपल्या बांधकाम खात्यांसाठी महत्त्वाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत 1878 मध्ये 16,44,528 रुपयांत झाली, मंजूर रकमेपेक्षा 2,668 रुपये कमी. नव्या बांधकामाचा हिशोब इतका नेमका जमू शकतो, कारण सगळं नकाशावर असतं. जुन्या इमारतीत मात्र गिलावा काढल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. तरीही आपण दोन्ही कामांच्या निविदा एकाच साच्यात काढतो आणि सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडतो. त्याला परवडतं ते सिमेंटच. संवर्धनाच्या कामासाठी आधी तपासणीचा वेगळा टप्पा, वेगळी दरसूची, अनुभवाची अट आणि अनपेक्षित खर्चासाठी राखीव रक्कम हवी. याला लाड म्हणता येणार नाही, कामाचा स्वभावच तसा आहे.

रिकामी झाल्यावर

काही कचेऱ्या शेवटी इमारतीत मावत नाहीत. उच्च न्यायालयासाठी वांद्रे पूर्वेला नवं संकुल उभारण्याचं काम हाती घेतलं आहे. मग जुन्या वास्तूचं काय, हा प्रश्न येणारच. पणजीला याचा अनुभव आहे. मांडवीकाठचा आदिलशाही राजवाडा 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचं निवासस्थान होता, पुढे सचिवालय झाला आणि गोव्याची विधानसभा 2000 पर्यंत तिथे भरत होती. ती पर्वरीला गेल्यावर राजवाड्याला नवा उपयोग शोधावा लागला. तिथे आज कलाप्रदर्शनं भरतात. शेजारी कांपालला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी इमारत 2004 च्या चित्रपट महोत्सवासाठी सावरली गेली आणि तिला नवं आयुष्य मिळालं.

वास्तुसंवर्धनाच्या 1964 च्या व्हेनिस सनदेने म्हटलंच आहे, की समाजोपयोगी वापर असला तर वास्तूचं जतन सोपं होतं. बंद कुलपाआड पन्हळ तुंबल्याचं कुणाला कळत नाही. रोज माणसं येत असतील तर पहिल्याच पावसात बादली ठेवली जाते आणि तक्रार होते.

मुंबईने 1995 मध्ये देशात प्रथम शहरी वारसा नियमावली केली, इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी दिली आणि बदलांवर नजर ठेवायला समिती नेमली. पण नियमावली चुकीचं काम थांबवू शकते, योग्य काम सुरू करू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक जुन्या सरकारी इमारतीची एक नोंदवही हवी. कोणत्या वर्षी काय दुरुस्त केलं, कोणता चुना वापरला, तारा कुठून नेल्या, हे तिच्यात लिहिलेलं असावं, म्हणजे पुढच्या अभियंत्याला भिंत फोडून शोधावं लागणार नाही. त्याचबरोबर दर मे महिन्यात गच्चीवरचं पाणी जायची वाट साफ करणं, सरकलेली कौलं बसवणं आणि सांध्यातला पिंपळ कोवळा असतानाच उपटणं, यासाठी दरवर्षीची हमखास तरतूद हवी. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजच्या निगराणीवरच भर दिला होता. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या जुन्या कचेऱ्या, न्यायालयं आणि विश्रामगृहं कोणत्याही वारसा यादीत नाहीत, त्यांच्यासाठी तर हाच मार्ग खुला आहे. त्यासाठी कोट्यवधींच्या निधीची किंवा पुरस्काराची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्यात एक शिडी, दोन माणसं आणि घमेलंभर चुना पुरतो, आणि त्या वर्षी ते काम झालं की नाही हे विचारणारा एक जबाबदार अधिकारी.